पीएच खाली दाखवतोय? बफरची बाटली उघडण्याआधी मीटर तपासा

गेल्या जुलैत रात्री साडेदहाला कणकवलीहून एका मुलाचा फोन आला. तीनच महिन्यांपूर्वी त्यानं घरात रीफ टँक, म्हणजे समुद्री मासे आणि पोवळी पाळायची खाऱ्या पाण्याची टाकी, लावलेला. आवाज घाबराघुबरा. "काका, पीएच सात पॉइंट सहा दाखवता. बफर टाकू? किती टाकू?"

मी विचारलं, "कोळंबी काय करते? झोआ पोवळी उघडलीत का?"

"सगळा बरा दिसता. मासो खाता पण."

"मग आज काहीच टाकू नकोस. टँकवरचा दिवा वेळेवर बंद होऊ दे आणि झोप. सकाळी बोलू."

त्याला एवढ्या ठामपणे सांगू शकलो, कारण नऊ वर्षांपूर्वी मी नेमकं उलटं केलं होतं. रत्नागिरीतला माझा पहिला टँक, असाच पावसाळा, मीटरवर ७.७. सलग तीन दिवस मी रोज बफर, म्हणजे पीएच वाढवणारी पूड, टाकत गेलो. आकडा हलेना म्हणून माप वाढवलं. तिसऱ्या संध्याकाळी पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं झालं. पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट एकत्र येऊन चुन्यासारखं खाली बसलं. हीटरवर खरखरीत थर, वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) जाम, आणि केएच, म्हणजे पीएच सावरून धरणाऱ्या कार्बोनेटचं माप, ७ ते ११ अंशांच्या दरम्यान असायला हवा तो १४ च्या पुढे. दोन गोगलगाई आणि एक जुनं लेदर पोवळं गेलं. आठवड्यानं मीटरचा नवा प्रोब (पाण्यात बुडवायची कांडी) आणून मोजलं तेव्हा कळलं की जुन्या प्रोबचं टोक केव्हाच सुकून गेलं होतं. पाण्याला काहीही झालेलं नव्हतं.

तेव्हापासून कुणीही विचारलं तरी मी एकच सांगतो. आकडा दुरुस्त करायला जाऊ नका, आधी तो आकडा खरा आहे का ते बघा. ते कसं बघायचं, त्याचा क्रम पुढे दिला आहे.

आधी थांबा, आणि वेळ लिहा

खुल्या समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच साधारण ८.१ असतो. घरच्या रीफ टँकमध्ये ७.८ ते ८.५ मधला कुठलाही आकडा चालतो. दिवसभरात तो हलतोच, कारण दिवे लागले की शेवाळ आणि पोवळ्यांच्या आतलं सूक्ष्म शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि पीएच चढतो. रात्री सगळेच श्वास सोडतात आणि तो उतरतो. दिवे लागण्याच्या जरा आधी सगळ्यात कमी, दिवे मालवण्याच्या सुमारास सगळ्यात जास्त. सकाळी सातला ७.९ आणि रात्री नऊला ८.२ आला, तर मीटर आणि टँक दोन्ही ठीक असण्याचीच शक्यता मोठी.

म्हणून वहीत आकड्याशेजारी वेळ लिहाच. काल रात्रीचा आकडा आज सकाळच्या आकड्याशी लावून "पीएच पडला" म्हणणारे मला दर महिन्याला भेटतात.

मग जनावरांकडे बघा. पीएच खरोखर एका रात्रीत ०.५ नं कोसळला असेल, तर मासे आणि कोळंबी ते लपवू शकत नाहीत. सगळं शांत चाललंय आणि फक्त काचेवरचा आकडा ओरडतोय, तर संशय आकड्यावर घ्या.

दुसरी साक्ष घ्या

थेंबांची टेस्ट किट जवळ असेल तर ती काढा. ती ८.१२ आणि ८.०५ मधला फरक सांगणार नाही, तो तिचा प्रांतच नाही. पण ७.६ की ८.२, एवढं सांगते, आणि आत्ता आपल्याला तेवढंच हवंय.

इथे चुका ठरलेल्या आहेत. किट खाऱ्या पाण्याची आणि वरच्या पल्ल्याची हवी. गोड्या पाण्याच्या किटचा रंग मिठामुळे वेगळा लागतो. नळी आधी टँकच्याच पाण्यानं दोनदा विसळा. थेंब टाकताना बाटली सरळ उभी उलटी धरा, तिरकी धरली की थेंबाचा आकार बदलतो. आणि रंग टँकच्या निळ्या एलईडीखाली कधीही जुळवू नका. नळी घेऊन खिडकीशी या, मागे पांढरा कागद धरा, दिवसाच्या उजेडात बघा. कागदी पट्ट्यांवर मी विसंबत नाही. आपल्याकडच्या दमट हवेत डबी एकदा उघडली की त्या पंधरा दिवसांत कामातून जातात.

प्रोबचं टोक जवळून बघा

मीटर बंद करा, प्रोब बाहेर काढा, उजेडात धरा. टोकाला वाटाण्याएवढा काचेचा फुगा दिसेल. पीएच तोच ओळखतो. त्याच्या बाजूला एक बारीक पांढरा ठिपका किंवा कडी असते, त्यातून आतला क्षार झिरपत बाहेरच्या पाण्याशी जोडणी करतो. फुग्यावर तपकिरी बुळबुळीत थर असेल किंवा ठिपका हिरवा-काळा पडला असेल, तर प्रोबला पाणी कळत नाही, त्याला स्वतःवरचं शेवाळच कळतंय.

बुळबुळीसाठी टोक कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून पाच मिनिटं ठेवा आणि मऊ ब्रशनं हलकेच फिरवा. जांभळट-गुलाबी किंवा पांढरा दगडासारखा थर बसला असेल तर साधं व्हिनेगर घ्या, दहा-पंधरा मिनिटं. चुन्याचा थर फसफसत सुटतो. मग डिस्टिल्ड पाण्यानं धुवा. पुसू नका, टिश्यूनं नुसतं टिपा. आणि लगेच मोजायला जाऊ नका. प्रोब निदान एक तास त्याच्या साठवणीच्या द्रावणात ठेवा. टोक पूर्ण सुकलेलं सापडलं तर रात्रभर ठेवा. माझा त्या वेळचा प्रोब रात्रभराच्या भिजवणीनं कदाचित वाचलाही असता. मला ते माहीतच नव्हतं.

साठवणीचं द्रावण म्हणजे पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण, प्रोबवाल्यांकडेच मिळतं. डिस्टिल्ड पाण्यात प्रोब बुडवून ठेवणं ही सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. शुद्ध पाणी आतला क्षार बाहेर ओढून घेतं. विसळायला डिस्टिल्ड, ठेवायला नाही.

कॅलिब्रेशन: इथे घाई करू नका

बहुतेकांचं गणित इथेच बिघडतं.

प्रोब प्रत्यक्षात काय मोजतो? मिलिव्होल्ट. पीएच ७ ला शून्याच्या आसपास, आणि तिथून पीएच एकानं बदलला की २५ अंशांना सुमारे ५९ मिलिव्होल्टचा फरक. टँकच्या ८.२ ला फार तर ७० मिलिव्होल्ट होतात. रिमोटचा साधा सेल दीड व्होल्टचा, म्हणजे १५०० मिलिव्होल्ट. त्याच्या विसाव्या भागात आपलं सगळं रामायण घडतं. ०.१ चा फरक म्हणजे जेमतेम ६ मिलिव्होल्ट. इतक्या बारीक गोष्टीला ओळखीची खूण दाखवावी लागते, आणि ती खूण म्हणजे बफर द्रावण. याचा पीएच ठरलेला असतो; टँकमध्ये टाकायचा बफर तो वेगळा.

स्वस्त पेन मीटरसोबत बहुधा ४.०१ आणि ६.८६ ची पाकिटं येतात. ती गोड्या पाण्याला बरी. आपला आकडा ८ च्या वर, म्हणजे या दोन्हींच्या बाहेर. दोन किलोमीटरचे दगड मोजून पुढचा रस्ता अंदाजानं ठरवल्यासारखं होतं ते. रीफसाठी ७.०० आणि १०.०१ ची जोडी घ्या, किंवा ६.८६ आणि ९.१८ ची. आपलं पाणी या दोन खुणांच्या मध्ये यायला हवं.

पावडरचं पाकीट असेल तर त्यावर लिहिलेल्या मापाच्या डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा, बहुधा २५० मिली असतं. विहिरीचं किंवा नळाचं पाणी चालत नाही. बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी चालतं, पण बाटलीवर नीट वाचून घ्या, शेजारीच ॲसिडचीही बाटली असते. आता क्रम असा:

१. दोन छोटे पेले घ्या. बफर पेल्यात २०-३० मिली ओता. प्रोब मूळ बाटलीत कधीच बुडवायचा नाही, आणि वापरलेला बफर बाटलीत परत ओतायचा नाही.

२. बफर आणि प्रोब दोन्ही खोलीच्या तापमानाला येऊ द्या. आपल्याकडे ते ३० अंश असतं, २५ नव्हे. ३० अंशांना ९.१८ चा बफर ९.१४ असतो आणि १०.०१ चा सुमारे ९.९७. बाटलीच्या मागे तक्ता छापलेला असतो. मीटर हे आपोआप धरत नसेल तर तक्त्यातला आकडा लावा.

३. आधी ७ चा बफर. प्रोब हलकेच गोल फिरवा, मग स्थिर धरा. आकडा थांबेपर्यंत वाट बघा, मिनिट-दीड मिनिट. थांबल्यावरच बटण.

४. डिस्टिल्ड पाण्यानं विसळा, टिपा, मग वरचा बफर. तीच वाट, तेच बटण.

५. पुन्हा विसळून ७ च्या बफरमध्ये बुडवून खात्री करा. ०.०५ पेक्षा जास्त चुकला तर सगळं पहिल्यापासून.

मीटर मिलिव्होल्ट दाखवत असेल तर एक गोष्ट जरूर नोंदवा. ७ आणि १० च्या बफरमधला फरक नव्या प्रोबला १७७ च्या आसपास येतो. १६० च्या वर असेल तोवर निर्धास्त राहा. १५० च्या खाली गेला की तो प्रोब म्हातारा झाला, कितीही कॅलिब्रेट करा, दोन दिवसांत पुन्हा भरकटणार.

बफर शिळा होतो, हे लक्षात ठेवा. १० चा बफर हवेतला कार्बन डायऑक्साइड पीत पीत खाली येतो. ७ च्या बफरला पावसाळ्यात चक्क बुरशी धरते. बाटली उजेडात धरून हलवा. कापसासारखे तंतू तरंगताना दिसले तर सरळ ओतून द्या. शिळ्या बफरनं कॅलिब्रेट केलेला मीटर अगदी आत्मविश्वासानं खोटं बोलतो, आणि ते पकडणं फार अवघड.

वरचा बफर मिळतच नसेल तर पडताळणीपुरता एक घरगुती उपाय आहे. काष्ठौषधीच्या दुकानातला टाकणखार, म्हणजेच बोरॅक्स. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात ३.८ ग्रॅम, सोनाराकडच्यासारख्या बारीक काट्यावर तोललेला. त्याचा पीएच २५ अंशांना ९.१८ आणि ३० ला ९.१४ येतो. खडा कच्चा घ्या. तव्यावर फुलवलेली टाकणखाराची लाही नको, तिच्यातलं पाणी उडालेलं असतं आणि तोल चुकतो. कॅरमची पावडर तर मुळीच नाही, ती वेगळीच वस्तू. दुकानाच्या खड्याच्या शुद्धतेची हमी नसते, म्हणून यावर बटण दाबून कॅलिब्रेट करू नका. मीटर ९.१ च्या जवळपास दाखवतो की ८.६, एवढंच बघा.

आकडा सातलाच चिकटलाय?

कोकणातल्या लोकांनी ही पायरी नीट वाचावी, कारण हा आजार आपल्या हवेचा आहे.

प्रोबच्या काचेतून येणारा संदेश फार क्षीण असतो. काचेचा विद्युतरोध कोट्यवधी ओहममध्ये जातो. तार मीटरला जिथे जोडतात, त्या पितळी गोल जोडणीत थोडा जरी ओलावा किंवा मीठ शिरलं, तरी हा संदेश मीटरपर्यंत पोचण्याआधी तिथूनच गळून जातो. संदेश गळाला की उरतं शून्य मिलिव्होल्ट, आणि शून्य म्हणजे मीटरच्या भाषेत पीएच ७. पूर्ण गळाला तर कुठल्याही बफरमध्ये ७. अर्धवट गळाला तर खरा ८.२ असताना ७.६, ७.५, आणि पाऊस वाढला की आणखी खाली. टँकच्या झाकणाखाली खारं तुषार, बाहेर आठवडाभर झड, स्वयंपाकघरात मिठाला पाणी सुटलेलं. त्या जोडणीला वेगळा न्याय कुठून मिळणार?

कणकवलीच्या मुलाला दुसऱ्या दिवशी मी हेच बघायला सांगितलं. त्यानं जोडणी उघडून फोटो पाठवला. आतल्या बारीक पिनेभोवती हिरवट पूड, आणि कडेला मिठाचे कण.

असं असेल तर मीटरचा प्लग आधी भिंतीवरून काढा. जोडणीचे दोन्ही भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीनं साफ करा, पिनेच्या तळापर्यंत. मग वाळू द्या, आणि वाळू द्या म्हणजे पावसाळ्यात नुसतं टेबलावर ठेवणं नव्हे. बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर रात्रभर ठेवा. जोडल्यावर वरून थोडी चिकटपट्टी गुंडाळा, आणि जोडणी टँकच्या वर, झाकणाबाहेर, तारेला खाली झोळ देऊन टांगा, म्हणजे तारेवरून ओघळणारा थेंब झोळाशी गळेल, जोडणीत जाणार नाही.

दोष मीटरमध्ये की प्रोबमध्ये हे ओळखायला एक सोपी चाचणी आहे. प्रोब काढून मीटरच्या मोकळ्या जोडणीत वाकवलेली पेपरक्लिप लावा, एक टोक मधल्या भोकात, दुसरं बाहेरच्या कडीला. मीटर चालू केल्यावर ७ च्या आसपास आकडा स्थिर आला तर मीटर बरा आहे, दोष प्रोबमध्ये किंवा तारेत शोधा. आकडा भरकटत राहिला तर मीटरच दुरुस्तीला द्या. पेन मीटरला ही जोडणी नसते, तिथे टोपीच्या आतला सेल आणि त्यावरची हिरवट पूड बघा.

त्या मुलाचा मीटर साफसफाई आणि कॅलिब्रेशननंतर दुपारी ८.०५ वर आला.

मग्यात वेगळा, टँकमध्ये वेगळा

सगळं साफ, बफरमध्ये बरोबर, तरी टँकमध्ये आकडा विचित्र किंवा नाचरा? मग्यात टँकचं पाणी काढा आणि लगेच त्यात मोजा. मग टँकमध्ये मोजा. दोन्हीत ०.१ पेक्षा जास्त फरक आला, तर पाण्यात कुठून तरी वीज गळतेय. तडा गेलेला हीटर, आवरण झिजलेला जुना पंप.

एकेक उपकरण बंद करत आकडा बघा. ज्याच्यावर आकडा उडी मारेल तो गुन्हेगार. हात पाण्यात घालण्याआधी सगळे प्लग काढा, इथे धीटपणा दाखवू नका. दोषी उपकरण बदलायचंच, चिकटपट्टी लावून चालवायचं नाही. टँकच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) हवाच. आणि घराचं अर्थिंग तपासून घ्या. आपल्या जांभ्यात एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं; उन्हाळ्यात त्यात पाणी घालत जा.

प्रोब कुठे ठेवलाय तेही बघा. पाणी वाहतं असेल तिथे, पण बुडबुड्यांपासून आणि डोस पडतो त्या जागेपासून लांब. दिव्याच्या थेट उजेडात ठेवलात तर शेवाळ दुप्पट धरतं.

मीटर खरा निघाला तर

आता आकड्यावर विश्वास ठेवायचा आणि कारण शोधायचं. पावसाळ्यात ते कारण बहुतेक वेळा घरातली हवा असते. दारंखिडक्या बंद, गॅस चालू. गणपतीत तर चाकरमानी आलेले, घरात पंधरा माणसं, आरतीला सगळी एका खोलीत. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला की, केएच तोच असला तरी, पाण्याचा पीएच सुमारे ०.३ नं उतरतो. माझ्याकडे दर वर्षी त्या दिवसांत असं होतं आणि मी काहीही टाकत नाही.

पडताळायचं असेल तर टँकचं पाणी दोन मोठ्या पेल्यांत घ्या. एकात घरातच एअर पंप सोडा, दुसऱ्यात बाहेर पडवीत. तासाभरानं दोन्ही मोजा. फक्त पडवीतला वर गेला तर दोष खोलीच्या हवेचा. खिडकी उघडा, किंवा स्किमरची (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी खिडकीबाहेर काढा. दोन्ही वर गेले तर टँकमध्येच हवा कमी खेळतेय. पाण्याचा पृष्ठभाग जास्त हलू द्या. दोन्ही तिथेच राहिले तर केएच मोजा. तो ७ च्या खाली असेल, तर मात्र आता बाटलीकडे हात जायला हरकत नाही. हळूहळू, केएच दिवसाला एक अंशापेक्षा जास्त वाढवायचा नाही. खाण्याचा सोडा केएच वाढवतो, पण पीएच लगेच वाढवत नाही, उलट सुरुवातीला किंचित उतरवतो. तेव्हा दचकू नका.

पाणी समुद्राचं वापरत असाल तर पावसाळ्यात आणू नका. खाडीच्या तोंडाशी ते गोडं आणि गढूळ असतं. मिठाचं घरी कालवलेलं पाणीही एक दिवस हवा सोडून मुरू द्या, मगच त्याचा पीएच मोजण्यात अर्थ. आणि समुद्रातून पाणी आणा, पोवळी नव्हे. मालवणच्या खडकांवरची दगडी पोवळी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहेत, उचलणं गुन्हा आहे, आणि तुटलेला तो तुकडा परत वाढायला वर्षं लागतात.

वहीत काय लिहायचं

प्रोबच्या तारेला पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर विकत घेतल्याची तारीख लिहा. प्रोब साधारण दीड-दोन वर्षं टिकतो, वापरला नाही तरी म्हातारा होतो, म्हणून स्वस्त मिळतोय म्हणून दोन घेऊन ठेवू नका. कॅलिब्रेशन महिन्यातून एकदा, पावसाळ्यात पंधरा दिवसांनी. दर वेळी बफर उघडल्याची तारीख आणि दोन्ही बफरमधले मिलिव्होल्ट वहीत टाका. १७४, १७०, १६३ असा आकडा उतरताना दिसायला लागला की नवा प्रोब मागवा. पार्सल यायला पावसात चार दिवस जास्तच लागतात.